चार नंबरचा माइक

माझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू येतो असं लोक म्हणतात. काही कौतुकानं म्हणतात, काही शेजारच्या वर्गात शिकवतात. बावीस वर्षं मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते आहे, आणि मला हळू बोलता येत नाही. घरीसुद्धा नाही. जेवताना मीठ मागितलं तरी नवरा म्हणतो, "पोचलं हो, शेवटच्या बाकापर्यंत पोचलं."

त्याच आवाजानं गेल्या वर्षी दगा दिला. दुपारपर्यंत घसा खरखरायचा आणि शेवटच्या तासाला नुसती हवा बाहेर पडायची. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पडद्यावर चित्र दाखवलं. स्वरतंतूंवर मोहरीएवढ्या दोन गाठी होत्या. त्या म्हणाल्या, "रोज पाच तास ओरडणं थांबवा, नाहीतर दोन-तीन वर्षांत आवाज कायमचा बसेल." मी म्हटलं, मी ओरडत नाही, शिकवते. त्या म्हणाल्या, घशाला तो फरक कळत नाही.

नोकरीची आठ वर्षं उरली होती. दोन वर्षांचा आवाज आठ वर्षं कसा पुरवायचा या विचारात मी असताना खात्याचं पत्रक आलं. प्रशिक्षण केंद्रात विज्ञानाच्या मार्गदर्शकाची एक जागा भरायची होती. आठवड्यातून दोन दिवस नव्या शिक्षकांपुढे बोलायचं, तेही माइकवर, आणि बाकीचे दिवस टेबलाशी बसून पाठ तयार करायचे. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तशी माझी गत झाली. निवड एका पाठाच्या चित्रीकरणावरून होणार होती. पाठ सलग चाळीस मिनिटांचा हवा, मध्ये काहीही कापलेलं चालणार नाही, आणि शिक्षक व विद्यार्थी दोघांचंही बोलणं स्पष्ट ऐकू यायला हवं, एवढ्याच अटी. निवडलेला पाठ आदर्श पाठ म्हणून सगळ्या शाळांच्या शिक्षकांना दाखवला जाणार होता.

ही जागा माझीच, असं शाळेत सगळे धरून चालले होते. खोटी नम्रता कशाला, मीही धरून चालले होते. तपासणीला येणारे साहेब दरवर्षी माझ्या शेऱ्यांच्या वहीत लिहून जात की या बाईंच्या वर्गात चुकीचं उत्तर कधी ऐकूच येत नाही. मुख्याध्यापकांनी ते वाक्य एकदा सभेतही वाचून दाखवलं होतं.

चित्रीकरणासाठी बाहेरचा माणूस शोधायची गरज नव्हती, कारण घरात दीर होता. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. माझं लग्न झालं तेव्हा तो आठवीत होता आणि तेव्हाच दाराच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायचा. आता तो भाषणं, मुलाखती, नाटकाच्या तालमी ध्वनिमुद्रित करतो. स्वभावानं मऊ, पण कामाच्या बाबतीत एकदम कर्मठ. मी म्हटलं, एक कॅमेरा लाव आणि माझ्या कॉलरला माइक अडकव, झालं. तो म्हणाला, "वहिनी, आधी वर्ग ऐकायला येतो."

वर्ग बघायला नाही, ऐकायला. शनिवारी शाळा सुटल्यावर तो आला, रिकाम्या वर्गाच्या मधोमध उभा राहिला आणि एकदा टाळी वाजवली. मग मान हलवून म्हणाला, "ही खोली नाही, ही विहीर आहे." मागच्या भिंतीवर त्यानं चार जाड ब्लँकेटं टांगली. बाकांच्या पायांना जुने मोजे चढवले, चौतीस मुलांच्या बाकांना, आणि ते मोजे गोळा करायला मला अख्खी गल्ली पालथी घालावी लागली. पंखा बंद ठेवायचा हुकूम सोडला. तासाची घंटा त्या दिवशी हातानंही वाजवायची नाही, असं त्यानं शिपायाकडून कबूल करून घेतलं. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंना तर तो म्हणाला की त्या तासाला तुम्ही मैदानावर भूमिती घ्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही यांचं विज्ञान ऐकतोय, तेव्हा कुणी नाही विचारलं."

एवढं सगळं मी सोसलं. पण त्यानं छताच्या आकड्यांना दोऱ्या बांधून बाकांच्या वर चार माइक लोंबते सोडले, तेव्हा माझं डोकं सटकलं.

"हे कशाला? पाठ माझा आहे."

"अट वाचलीत ना? दोघांचं बोलणं."

"अरे, माझ्या माइकमध्ये येतंच की त्यांचं. आणि मी प्रत्येकाचं उत्तर मोठ्यानं परत सांगते. ती माझी पद्धतच आहे. मागच्यांना ऐकू जावं म्हणून."

"तुम्ही सांगता ते तुमचं झालं, वहिनी. त्यांचं नको का?"

मी वाद घातला नाही. कानसेनाशी आवाजावर वाद घालणं म्हणजे सुताराशी रंध्यावर वाद घालणं. त्यानं माइकांना एक ते चार नंबर दिले, दोन कॅमेरे लावले, एक माझ्या तोंडावर आणि एक फळ्याच्या कोपऱ्यातून मुलांवर, आणि मंगळवारी दुसऱ्या तासाला आम्ही सुरुवात केली.

पाठ मी विचार करून निवडला होता. थंड ग्लासाला बाहेरून पाणी का सुटतं. दोन-दोन बाकांमध्ये एक काचेचा ग्लास, त्यात पाणी आणि बर्फ. पाच मिनिटांत ग्लास बाहेरून ओले झाले आणि मी विचारलं, "हे पाणी आलं कुठून?" हात वर झाले. मी एकेकाला उठवत गेले, उत्तर घेत गेले, ते वर्गाला ऐकवत गेले, फळ्यावर लिहीत गेले. गाडी रुळावरून सरळ निघाली होती. अडतिसाव्या मिनिटाला फळ्यावर पूर्ण व्याख्या होती आणि ती जणू मुलांनीच सांगितली होती. घाम पुसत मी खाली बसले तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. घशात आग पडली होती, पण मी खूश होते. म्हटलं, सुटले.

शनिवारी दुपारी दिरानं मला त्याच्या खोलीत बोलावलं. माळ्याकडे जायच्या जिन्याखालची ती खोली त्यानं भिंतींना फोम लावून अशी काही गप्प केली आहे की आत शिरल्यावर स्वतःचे दात ऐकू येतात. त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि आधी फक्त माझ्या कॉलरचा माइक ऐकवला. मी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. श्वास, थांबणं, प्रश्नाच्या शेवटी वर जाणारा सूर, सगळं लख्ख. मुलं मागे कुठेतरी गुणगुणल्यासारखी, आणि त्यावर माझा आवाज, खणखणीत. मला वाटलं, ही बाई छान शिकवते.

त्यानं मध्येच बंद केलं. "वहिनी, आता मुलांचे चार माइक यात मिसळायचेत. पण त्याआधी तुम्ही ते एकट्यानं ऐकावेत असं मला वाटतं. मी चहा टाकतो." आणि दार ओढून तो गेला. त्याला घरात कुणी कधी चहा टाकताना पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

पहिल्या बाकावर आमचा वकील बसतो. हात सगळ्यात आधी वर करतो आणि प्रत्येक गोष्टीवर बाजू मांडतो म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलंय. पडद्यावर तो उठला. एक नंबरच्या माइकवर त्याचा आवाज इतका जवळून आला की मी दचकले. तो म्हणाला, "ग्लासातनं पाणी झिरपून बाहेर येतं. काचेला बारीक भोकं असतात." आणि लगेच मी, माझ्या त्या खणखणीत आवाजात: "बरोबर. पाणी बाहेर येतं. म्हणजे ग्लासाच्या बाहेरच्या हवेतून येतं. शाब्बास, बस." वकील क्षणभर उभा राहिला. मग मान डोलवून बसला.

मी ते परत लावलं. झिरपून, बारीक भोकं. बरोबर, हवेतून. मला वाटलं, एखादवेळी होतं असं.

दुसरी मुलगी उठली. "बर्फ वितळला की पाणी वर चढतं आणि मग काठावरनं उतरतं." मी म्हणाले, "अगदी बरोबर, बर्फामुळे. बर्फामुळे हवा थंड होते." तिसरा उठला. "ग्लासातली थंडी बाहेर येऊन तिचं पाणी होतं." मी म्हणाले, "छान. हवेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं." एकामागून एक अकरा मुलं उठली. दोघांनी पुस्तकातलं वाक्य म्हटलं होतं. नऊ जणांनी जे म्हटलं त्यातला मला हवा तेवढा एक शब्द मी उचलला होता, बाकीचं उत्तर माझं माझ्याशीच होतं, आणि शाब्बासकी त्यांना दिली होती. प्रत्येक मूल तेवढाच क्षण उभं राहत होतं. मग बसत होतं.

मला त्या दिवशी हे ऐकू आलं नव्हतं का? माझे कान शाबूत आहेत. वकिलाचं झिरपणं नक्कीच कानांवर पडलं असणार. पण मी उत्तराची वाट बघत होते, मुलाची नाही. वाटेत जे आलं त्यातलं उत्तर तेवढं वेचून घेतलं आणि बाकीचं टाकून दिलं. माझ्या वर्गात चुकीचं उत्तर ऐकू येत नाही हे साहेबांनी खरंच लिहिलं होतं.

आणि मग चार नंबरचा माइक.

तो मागच्या उजव्या कोपऱ्यात होता. तिथे एक मुलगी बसते. ती हात वर करत नाही, उठवलं तर खाली बघते, आणि स्वतःशी बोलत असते म्हणून मुलं तिला पुटपुटी म्हणतात. मीही कधीकधी म्हणते. सत्ताविसाव्या मिनिटाला, मी फळ्यावर लिहीत असताना, तिचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती. "झिरपत नाहीये. बघ, मी रबर लावलंय. झिरपलं असतं तर आतलं पाणी रबराच्या खाली गेलं असतं. तेवढंच आहे. आणि बाहेरचं तीनदा पुसलं, तरी परत येतंय. मग ते आतलं नाहीच." शेजारीण म्हणाली, "बाईंना सांग." मग पुटपुटी म्हणाली, थोडं मोठ्यानं, "बाई." परत एकदा, "बाई." त्यावर माझा आवाज आला: "मागे गप्पा नकोत."

मी चित्रफीत थांबवून चित्र मोठं करून पाहिलं. तिच्या समोरच्या ग्लासाला पाण्याच्या रेषेवर केसांचं काळं रबर चढवलेलं होतं. तिच्या एका बाजूचे केस सुटले होते.

वकिलानं जी चूक केली होती, जी मी झाकून टाकली होती, ती या मुलीनं खोडून काढली होती. अकरा वर्षांच्या मुलीनं, कुणी न सांगता, केसांतलं रबर काढून. मी बावीस वर्षं ज्याला विज्ञान म्हणते ते त्या चाळीस मिनिटांत वर्गात एकदाच घडलं, आणि त्याला मी गप्पा म्हटलं. मला रडू आलं. त्या खोलीत भिंती आवाज खाऊन टाकतात हे एक बरं होतं.

दीर चहा घेऊन आला. मी त्याच्यावरच उखडले. रागवायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

"तुझे माइक जरा जास्तच चांगले आहेत."

"ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला. "वहिनी, कापता येणार नाही. पण मुलांचे माइक खाली घेता येतील. अगदी बंद नाही. कुजबुज राहील, शब्द लागणार नाहीत. वर तुमचा आवाज. बघणाऱ्याला वाटेल, मुलं बोलतायत आणि बाई सांगतायत. नियमात बसतं. अर्ध्या तासाचं काम आहे."

"तू करशील असं?"

"तुम्ही सांगाल तर करीन. घसा तुमचा आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चांगलं टिपलेलं ध्वनिमुद्रण मुद्दाम बिघडवायचं म्हणजे त्याला स्वतःचं बोट चिरण्यासारखं, हे मला ठाऊक होतं. तरी तो तयार होता, कारण रात्री उठून मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते ते त्याला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

मी म्हटलं, तोच पाठ परत घेऊ. पण म्हणता म्हणताच मला कळलं की ते नाटक होईल. मुलांना आता उत्तर माहीत होतं. नवऱ्याला विचारलं तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "बावीस वर्षं असंच चाललंय ना? मग एका पाठानं कुठे आभाळ कोसळतंय? कर बाई आवाज खाली आणि हो मोकळी." तो वाईट माणूस नाही. त्यालाही मी त्या खुर्चीत बसलेली हवी होते. आणि मला काय हवं होतं म्हणाल, तर मलाही तेच हवं होतं. पाठवायची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

सोमवारी मी पुटपुटीला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं. ती दारातच थांबली, शिक्षेला आल्यासारखी. मी टेबलावर ग्लास ठेवला होता, पाणी आणि बर्फ घालून. मी म्हटलं, "त्या दिवशी तू रबर लावलं होतंस, ते मला परत करून दाखव."

"मी परत नाही करणार, बाई."

"का?"

"म्हणजे, असं परत नाही करणार. तासाला."

ती माफी मागत होती हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मी तिला बसवलं आणि दिराकडून आणलेला हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. तिचाच आवाज तिला ऐकवला. ती शेवटपर्यंत न हलता ऐकत राहिली, "मागे गप्पा नकोत" पर्यंत. मग हेडफोन काढून तिनं तो नीट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, आलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, चूक आहे म्हणून तुम्ही तसं म्हणालात. म्हणून मग मी रबर काढून टाकलं."

मी तिला सांगितलं की ते बरोबर होतं. अगदी बरोबर होतं, आणि वर्गात दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. ती हसली वगैरे नाही. तिनं ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण मग बर्फ न घालता का होत नाही?" मी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं, बावीस वर्षं घोटलेलं. पहिल्यांदाच ते तिथेच ठेवलं आणि म्हटलं, "तुला काय वाटतं?"

दुपारच्या तासाला मी तिला वर्गासमोर उभं केलं. तिला ते आवडलं नाही, पण तिनं सांगितलं. हळू, खाली बघत, पण पूर्ण. सांगून झाल्यावर तेहतीस तोंडं माझ्याकडे वळली, तिच्याकडे नाही. वकील म्हणाला, "बाई, काय म्हणाली ती?"

त्याला ऐकू गेलं नसेल असं नाही. त्यानं ऐकायचा प्रयत्नच केला नव्हता. कशाला करेल? कुणी काहीही म्हटलं तरी बाई ते परत सांगतात, मोठ्यानं आणि दुरुस्त करून. एकमेकांचं ऐकायची गरज नाही हे या मुलांना कुणी शिकवलं, ते शोधायला फार लांब जायचं नव्हतं.

"तिलाच विचार," मी म्हटलं.

त्यानं विचारलं. तिनं परत सांगितलं. त्यावर वकिलाचं म्हणणं पडलं की रबरच ढिलं असेल. मग दोन ग्लास आणले गेले, कुणीतरी एकाला झाकण लावलं, कुणीतरी पाण्यात शाई ओतली, म्हणे बाहेरचं पाणी निळं येतं का ते बघू. ते निळं आलं नाही आणि वकील खाली बसला, या खेपेला कुणी न सांगता. हे सगळं काही फार सुरेख झालं असं समजू नका. एक ग्लास फुटला, शाई तिघांच्या कपड्यांवर गेली, अर्धा वर्ग उभा होता, आणि शेवटी मी ओरडलेच. फळ्यावर एक अक्षर लिहून झालं नाही.

मंगळवारी साडेचारला दिरानं विचारलं, "मग? कुठलं पाठवू?" त्याच्या पडद्यावर दोन फायली होत्या. एकीत मी खणखणीत होते. दुसरीत आम्ही सगळे होतो.

"आहे तसं पाठव."

"वहिनी, जागा जाईल."

"जाईल."

अर्जासोबत शिक्षकाचं निवेदन म्हणून चार ओळींची चौकट होती. मी लिहिलं, या पाठात मी नऊ मुलांची उत्तरं न ऐकता बदलली आहेत. सत्ताविसाव्या मिनिटाला मागच्या उजव्या कोपऱ्यातली मुलगी जे म्हणते तो या पाठातला सर्वांत चांगला भाग आहे. तो मला तेव्हा ऐकू आला नाही. कृपया तेवढा आवाज मोठा करून ऐकावा. दिरानं ते दोनदा वाचलं आणि पाचला दहा मिनिटं असताना पाठवून दिलं.

जागा गेली. महिन्यानं दोन ओळींचं पत्र आलं आणि त्यात माझ्या सहभागाबद्दल आभार होते. मी ते वाचलं, कपाटात ठेवलं, आणि संडासात जाऊन नळ सोडून रडले. शहाणपण सुचलं म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही. डॉक्टरीणबाई गोळ्या बदलून देतात, मी तास घेते. मुलांची उत्तरं परत सांगायची सवय अजून पुरती गेलेली नाही. दिवसातून पाच-सहा वेळा तरी जीभ पुढे धावते आणि मग मी ती चावते.

मार्चअखेर सगळ्या शाळांच्या शिक्षकांना मोठ्या सभागृहात बोलावून आदर्श पाठ दाखवला. मी गेले. न जाणं बरं दिसलं नसतं, आणि खरं म्हणजे मला बघायचंच होतं. पाठ लोहचुंबकाचा होता. बाई माझ्याहून तरुण, बोलणं गोड, फळा मोत्यांसारखा. आवाज इतका स्वच्छ की खडू टेकल्याचंही ऐकू येत होतं. बाईंनी प्रश्न विचारला आणि एक मुलगा उठला. त्याचे ओठ हलले. बाई म्हणाल्या, "बरोबर. सारखे ध्रुव एकमेकांना दूर लोटतात." मग दुसरी मुलगी उठली. तिचे ओठ हलले. बाई म्हणाल्या, "छान. आणि वेगळे ध्रुव एकमेकांना ओढतात."

मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. कान टवकारले, पण मुलांचा एक शब्द लागत नव्हता. नुसती कुजबुज, आणि तीही कुणीतरी मुद्दाम खाली दाबल्यासारखी. कोपऱ्यातला चष्मा लावलेला एक मुलगा उठला. तो बराच वेळ बोलला. हातानं काहीतरी दाखवत होता, एक मूठ दुसऱ्या मुठीजवळ न्यायची आणि मध्ये काहीतरी धरायचं, कागद असावा किंवा पाटी असावी. बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला होता. बाई म्हणाल्या, "बरोबर. बस." तो क्षणभर उभा राहिला आणि बसला.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारी गणिताच्या बाई होत्या. माझ्याकडे झुकून त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा पाठ याच्याहून सरस असणार, मी सांगते. पण मुलं काय हुशार आहेत नाही?"

"मला त्यांचं काही ऐकूच आलं नाही," मी म्हटलं. "तो चष्मेवाला काय म्हणाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी असं काय विचारते आहे ते त्यांना कळेना.

"बाई सांगतायत की परत," त्या म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवू लागल्या.